कुशीवरची मालीश: एका मसाज थेरपिस्टने स्वतः घेतलेला अनुभव

गेली चौदा वर्षे मी पुण्यात मसाज थेरपिस्ट म्हणून काम करते आहे आणि त्यांतल्या नऊ वर्षांत गरोदर स्त्रियांना कुशीवर झोपवून मालीश करणे हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे. ज्या स्थितीत मी इतक्या जणींना झोपवले, त्या स्थितीत मी स्वतः मालीशच्या टेबलावर एकदाही झोपले नव्हते, ही गोष्ट गेल्या पावसाळ्यात सातव्या महिन्यातल्या एका मुलीमुळे माझ्या ध्यानात आली. मालीश अर्ध्यावर आलेली असताना ती हळूच म्हणाली, "ताई, खालचा खांदा फार दुखतोय हो." मी सवयीने "जराशी पुढे सरक" असे सांगितले, ती सरकली आणि पुन्हा काही बोलली नाही. जाताना मात्र ती उजव्या हाताने डावा खांदा दाबून धरत जिना उतरली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, कारण तिला नेमके कुठे आणि का दुखत होते हे मला पुस्तकातून माहीत होते, अंगातून माहीत नव्हते.

म्हणून मी ठरवले की गरोदर स्त्रियांसाठी केली जाते तशीच मालीश, त्याच उशांसह आणि त्याच काळजीने, एकदा स्वतः घ्यायची. मी गरोदर नाही, माझे वय ४३ आहे आणि माझी तक्रार माझ्या धंद्यातल्या बहुतेकींची असते तीच आहे. टेबलावर वर्षानुवर्षे वाकून उजव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या खाली, उसण भरते. पालथे झोपले की कंबर खाली झोळीसारखी जाते आणि तो भाग अधिकच आवळला जातो. शिवाय तोंड खाली करून टेबलाच्या खाचेत ठेवले की दहा मिनिटांत माझे नाक चोंदते. त्यामुळे दुसऱ्यांच्या पाठी मोकळ्या करणारी मी, स्वतःची पाठ कोणाच्या हाती द्यायची म्हटले की टाळाटाळ करत आले होते.

ज्यांच्याकडे मी गेले त्या ताई कोथरूडच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एकट्या काम करतात. त्यांचे नाव मी येथे देत नाही, कारण दिवसाला चारपेक्षा जास्त जणींना त्या घेत नाहीत आणि आणखी फोन नकोत अशी त्यांचीच विनंती आहे. ७५ मिनिटांचे १,८०० रुपये घेतात. तेल, चादरी आणि नंतरचे गरम पाणी त्यातच धरलेले असते. मी या क्षेत्रातली आहे हे मी फोनवरच सांगितले होते, आणि "मला आठव्या महिन्यातली बाई समजून सगळे करा" अशी विनंतीही केली होती. त्यांनी ती अक्षरशः पाळली.

सुरुवात प्रश्नांनी झाली. रक्तदाब, साखर, जुनी दुखणी, पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत का, पोटरीत एकाच बाजूला दुखून तो भाग गरम किंवा लाल होतो का, हे सगळे त्यांनी विचारलेच. गरोदर स्त्री असेल तर डॉक्टरांनी काही बंधन घातले आहे का, रक्तस्राव झाला होता का, वार खाली आहे असे सोनोग्राफीत सांगितले आहे का, हेही त्या विचारतात आणि गरज वाटली तर डॉक्टरांचे लेखी पत्र आणल्याशिवाय हात लावत नाहीत. हे प्रश्न मीही विचारते. परंतु त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले, जे मी आजवर कधी विचारले नव्हते. घरी कोणत्या कुशीवर झोपता, आणि सकाळी उठताना कोणता हात बधिर असतो? मी डाव्या कुशीवर झोपते आणि डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना पहाटे मुंग्या येतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि पुढच्या सव्वा तासात त्या दोन बोटांचा विसर त्यांना एकदाही पडला नाही.

मग दागिन्यांचा विषय निघाला. येथे त्यांनी जे केले ते मी सविस्तर सांगते, कारण अशा गोष्टी कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. कानातले काढून एका वाटीत ठेवायला सांगितले. मंगळसूत्राविषयी मात्र "काढता की राहू दे?" असे विचारले आणि मी काढते म्हटल्यावर सांगितले की पुष्कळ जणी गरोदरपणात ते काढायला तयार होत नाहीत, म्हणून त्या ते मऊ सुती पट्टीत गुंडाळून गळ्याच्या पुढच्या बाजूला, उशी आणि हनुवटी यांच्यामध्ये ठेवतात, म्हणजे मानेवर मण्यांचे वळ उठत नाहीत आणि तेलही लागत नाही. डोहाळजेवण झालेल्या मुलींच्या हातांत हिरव्या बांगड्या असतात. उशी कवटाळून कुशीवर झोपले की खालच्या मनगटावरच्या बांगड्या गालाला किंवा बरगडीला टोचतात. त्यांच्यासाठी त्यांनी जुन्या धोतराच्या रुंद पट्ट्या धुऊन घडी करून ठेवल्या आहेत. बांगड्यांवरून तशी पट्टी गुंडाळली की काच वाजत नाही, फुटत नाही आणि कोणाला काही काढायला सांगण्याचा प्रसंगही येत नाही.

आता उशांविषयी. ताईंनी मला डाव्या कुशीवर घेतल्यापासून पहिला तेलाचा हात पाठीवर पडेपर्यंत नऊ मिनिटे गेली, आणि ती सगळी नऊ मिनिटे केवळ उशा लावण्यात गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते, कारण माझ्या स्वतःच्या कामात या गोष्टीला मी जेमतेम दोन मिनिटे देते. डोक्याखालची उशी खांद्याच्या रुंदीइतकी जाड हवी, म्हणजे मान वरही जात नाही आणि खालीही झुकत नाही. त्यांनी मागे उभे राहून कवटीपासून कण्याच्या खालच्या टोकापर्यंत नजरेने रेघ मारली आणि पातळ घडीची एक चादर उशीखाली वाढवली. दुसरी उशी कवटाळायला दिली, ती छातीपुरती न ठेवता वरच्या हाताचे कोपर आणि मनगट दोन्ही तिच्यावर टेकतील अशी ठेवली. वरच्या पायासाठी उशी नव्हती, लांब आणि घट्ट लोड होता. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण पाय खुब्याच्या उंचीला राहील असा तो लावला आणि माझ्या घोट्याखाली हात सारून पाऊल लोंबकळत नाही ना हे तपासले. पाऊल थोडे जरी खाली लोंबले तरी मांडी आत फिरते आणि सगळा ताण खुब्याच्या मागच्या स्नायूंवर येतो, हे मी विद्यार्थिनींना सांगत आले आहे. त्या दिवशी ताईंनी मुद्दाम क्षणभर लोड मागे ओढून दाखवला तेव्हा तो ताण खुब्यापासून कंबरेपर्यंत चढताना मला स्वतःला जाणवला. पोटाखाली पातळ, पाचरीसारखी उशी आली. माझ्या पोटाला तिची गरज नव्हती, पण वाढलेल्या पोटाचे वजन टेबलाकडे ओढले जाऊन कंबर पिळली जाऊ नये म्हणून ती असते, आणि रिकाम्या पोटालासुद्धा तिचा आधार सुखाचा वाटला.

सगळ्यात शेवटी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पंच्याची एक छोटी गुंडाळी करून बरगड्या आणि खुबा यांच्यामधल्या पोकळीत, म्हणजे टेबल आणि कंबर यांच्यामध्ये सारली. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि खुबा या दोन टोकांवर अंग तोलले जाते आणि मधली कंबर अधांतरी राहते. स्त्रीचा खुबा जितका रुंद तितकी ती पोकळी मोठी. ती भरल्याबरोबर माझा श्वास आपोआप पोटापर्यंत उतरला. दुसरी गोष्ट खालच्या खांद्याची. एक हात माझ्या डाव्या पाठपुऱ्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर, आणि दुसरा दंडाखाली घालून त्यांनी तो खांदा हलकेच पुढे ओढून घेतला, इतका की मी खांद्याच्या सांध्याच्या टोकावर न राहता पाठपुऱ्याच्या बाहेरच्या कडेवर टेकले गेले. ही हालचाल बोटभर असेल, जास्त नाही. पण मला तात्काळ कळले की सातव्या महिन्यातल्या त्या मुलीला काय हवे होते. "पुढे सरक" या माझ्या सूचनेने तिचे सगळे अंग पुढे गेले होते आणि खांदा मात्र तिच्या वजनाखाली होता तिथेच दबून राहिला होता.

ज्यांना या पद्धतीची माहिती नाही त्यांच्यासाठी एक खुलासा करायला हवा. गरोदरपणात कुशीवर झोपवतात ते केवळ पालथे झोपता येत नाही म्हणून नव्हे. साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यावर वाढलेल्या गर्भाशयाचे वजन कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडते, हृदयाकडे परत जाणारे रक्त कमी होते आणि काही जणींना भोवळ, मळमळ, घाम अशी लक्षणे दिसतात. कुशीवर, विशेषतः डाव्या कुशीवर, तो दाब राहत नाही. बाजारात पोटासाठी भोक पाडलेली टेबलेही मिळतात, पण ती मला पसंत नाहीत. पोट भोकात लोंबते आणि गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या बंधांवर ओढ येते. शिवाय भोकाची जागा प्रत्येकीच्या अंगाला बरोबर येईल याची खात्री नसते. ताईंनीही असेच टेबल घेण्याचा विचार केला होता आणि सोडून दिला होता.

मालीश सुरू झाली ती पाठीच्या अगदी खाली, तिकोनी हाडावर, केवळ तळवा ठेवून. तीन-चार श्वासांपर्यंत तो तळवा हलला नाही. मग कोमट तिळाच्या तेलाने कण्याच्या वरच्या बाजूने खालून वर लांब हात. तेलाला वास जवळजवळ नव्हता. गरोदर स्त्रियांना सुवासिक तेलांनी मळमळते, म्हणून त्या साधे घाण्याचे तेल वाटीत घेऊन गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतात. तेल हातावर घेऊन तो हात एकदा स्वतःच्या गालाला लावून मगच माझ्या पाठीवर ठेवत. ताई स्टुलावर बसून काम करत होत्या, उभ्या राहून नव्हे, आणि त्यामुळे दाब वरून खाली न येता मागून पुढे, आडवा येत होता. आडव्या दाबाखाली अंग टेबलावर चिरडले जात नाही, कवटाळलेल्या उशीत जरासे पुढे जाते आणि परत येते. पालथ्या स्थितीत कोणी पाठीवर जोर दिला की मी नकळत श्वास धरून ठेवते. येथे तसे एकदाही झाले नाही.

माझ्या उसणीच्या जागेवर त्या पोहोचल्या तेव्हा या स्थितीचे खरे मोल मला समजले. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची कड यांच्यामध्ये खोलवर जो क्वाड्रेटस लम्बोरम नावाचा स्नायू असतो, तो पालथ्या माणसात पाठीच्या जाड स्नायूंच्या आड दडलेला असतो आणि वरून कितीही रेटा दिला तरी त्याच्यापर्यंत हात नीट जात नाही. कुशीवर मात्र तो बाजूने उघडा पडतो. ताईंनी माझा वरचा हात डोक्याकडे नेऊन ठेवला, म्हणजे बरगड्या वर सरकून तिथली जागा रुंद झाली, आणि अंगठा न वापरता मुठीच्या सपाट बाजूने कण्याच्या दिशेने हळूहळू दाब दिला. बरगडीच्या टोकावर आणि मूत्रपिंडाच्या जागेवर जोर पडू नये याची खबरदारी त्या घेत होत्या, हे त्यांच्या मनगटाच्या कोनावरून मला समजत होते. सुरुवातीला ती जागा दगडासारखी होती. पाचव्या-सहाव्या श्वासाला आत काहीतरी सैल झाले आणि उष्णता मांडीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत पसरली. मी एक शब्दही बोलले नव्हते, तरी नेमक्या त्या वेळी त्यांनी दाब कमी केला. नंतर विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या भुवया दिसत होत्या ना मला." पालथ्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, आणि म्हणून आपण सारखे "दाब ठीक आहे ना?" असे विचारत राहतो, कुशीवर झोपलेल्या बाईचा चेहरा तिच्या वतीने बोलत असतो.

खांद्याचे कामही तितकेच उत्तम होते. माझा वरचा हात पूर्णपणे स्वतःच्या कोपरावर तोलून घेऊन त्यांनी पाठपुरा गोल फिरवला आणि तो कण्यापासून सुटा झाल्यावर त्याच्या आतल्या कडेखाली बोटांची टोके सरकवली. पालथे झोपल्यावर खांदे कानांकडे ढकलले जातात आणि पाठपुरा बरगड्यांवर चिकटून बसतो, त्यामुळे ही जागा सहसा मिळतच नाही. खुब्याच्या बाजूचा ग्लुटियस मीडियस हा स्नायूही याच स्थितीत सर्वांत सोपा सापडतो. गरोदरपणात कमरेचे बंध सैलावतात, चाल बदलते, आणि अंग तोलून धरण्याचा भार या स्नायूवर येतो; दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या बाबतीतही तो थकलेलाच असतो. ताईंनी त्यावर हाताची पुढची बाजू ठेवून सावकाश मळल्यासारखे केले.

हे सगळे घेत असताना मला पेठेतल्या एका मालीशवाल्या मावशींची आठवण येत होती. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात त्या सव्वा महिना रोज यायच्या. त्या बाळंतिणीला चटईवर कुशीवर घ्यायच्या, मागे स्वतः पाटावर बसायच्या आणि आपला दुमडलेला गुडघा तिच्या कंबरेला मागून टेकवून मगच तेलाचा हात फिरवायच्या. त्यांच्याकडे लोड नव्हते, पाचर नव्हती. त्यांचा गुडघा हाच आधार होता. आयुर्वेदातल्या अभ्यंगाच्या पद्धतीतही ज्या सात स्थिती शिकवतात त्यांत डावी आणि उजवी कूस येतेच. म्हणजे कुशीवरची मालीश ही बाहेरून आलेली नवी सोय आहे असे समजण्याचे कारण नाही. नवे आहे ते गरोदरपणात काय टाळायचे याचे ज्ञान, आणि ते जुन्या हातांनीही शिकून घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते.

पायांच्या मालीशीत ते ज्ञान स्पष्ट दिसले. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती निसर्गतःच वाढलेली असते आणि पायांच्या खोल शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून मांडीच्या आतल्या बाजूला आणि पोटरीवर खोल दाब द्यायचा नाही, रगडायचे नाही. ताईंनी पोटरीवर केवळ पसरट तळव्याने, घोट्याकडून गुडघ्याकडे, पाणी निथळावे तसा हात फिरवला. मला जोर हवा होता, पण मीच आठव्या महिन्यातली बाई समजा असे सांगितले होते, आणि त्यांनी तो शब्द मोडला नाही याचा मला आदर वाटला.

याच संदर्भात एक गोष्ट मला खटकली, ती सांगणे भाग आहे. त्यांच्या दाराशी जे माहितीपत्रक ठेवले आहे त्यात या मालीशीने पायांची सूज जाते आणि प्रसूती सुलभ होते असे छापले आहे. मालीशीने पाय हलके वाटतात, झोप लागते, कंबरेची रग कमी होते, एवढे आपण खात्रीने म्हणू शकतो. चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज येणे, त्याबरोबर डोके दुखणे किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणे ही वाढलेल्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात, आणि अशा बाईने मालीशवालीकडे न जाता त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. पत्रक वाचून एखादी सूज उतरवायला आली तर? मी हे ताईंना तोंडावर सांगितले. ते पत्रक छापणाऱ्याने तयार मजकुरावरून केले होते असे त्या म्हणाल्या आणि बदलण्याचे त्यांनी मान्य केले. प्रत्यक्षात त्या इतक्या सावधपणे काम करतात की त्यांच्या पत्रकाने त्यांच्यावर अन्याय केला आहे.

डाव्या कुशीवर मी बेचाळीस मिनिटे होते. इतक्या नीट उशा लावूनही पंचविसाव्या मिनिटाच्या सुमारास खालच्या खुब्याच्या हाडाला रग लागू लागली, आणि हे मला कोणत्याही वर्गात कळले नसते. वरच्या बाजूला सुख चाललेले असते, त्यामुळे खालच्या बाजूची कुरकुर बाई बोलून दाखवत नाही. आपल्यामुळे मालीश थांबेल असे तिला वाटते. ताईंनी मी सांगण्याची वाट पाहिली नाही. खुब्याच्या खालची चादर दोन्ही हातांनी चिमटीत धरून त्यांनी ती माझ्यासकट बोटभर मागे ओढली, आणि वजन हाडाच्या टोकावरून मांसल भागावर सरकले. डोके उशीवर ठेवताना माझ्या डाव्या कानाची पाळी दुमडली गेली होती. तीही त्यांनी उशीखाली एक बोट घालून सरळ केली. मी ते सांगितले नव्हते, किंबहुना मला ते नीटसे जाणवलेही नव्हते. कान मोकळा झाल्यावर कळले की जबड्याचा त्या बाजूचा ताण त्यामुळेच होता. त्यानंतर मला झोप लागली. मालीशच्या टेबलावर मला झोप लागल्याची ही पहिलीच वेळ होती.

कूस बदलताना त्यांनी घाई केली नाही. चादर पडद्यासारखी धरून मला आधी हातांवर जोर देऊन बसते केले, अर्धा मिनिट बसू दिले आणि मग उजव्या कुशीवर घेतले. पोट मोठे असलेल्या बाईला टेबलावरच पाठीवरून गडगडत वळायला लावू नये, हे त्या काटेकोरपणे पाळतात. परंतु येथेच या मालीशीची मोठी उणीव समोर आली. उशा पुन्हा लावण्यात सहा मिनिटे गेली आणि उजव्या कुशीला प्रत्यक्ष मालीशसाठी अवघी अठरा मिनिटे उरली. डाव्या कुशीवर असताना माझी वरची, म्हणजे उजवी बाजू मोकळी झाली, जिथे माझी उसण आहे, म्हणून माझे काम झाले. पण जिची डावी बाजू दुखते तिला अठरा मिनिटे पुरणार नाहीत. उशा लावायला पंधरा मिनिटे लागतात हे ताईंना माहीत आहे. तेव्हा एक तर त्यांनी वेळ नव्वद मिनिटांची करावी आणि त्याप्रमाणे पैसे घ्यावेत, किंवा कोणत्या बाजूला जास्त वेळ हवा हे आधीच विचारून घ्यावे. येणाऱ्या बाईला दोन्ही बाजू सारख्या मिळतील असेच वाटत असते.

इतर अडचणीही आहेत. सर्वांत गंभीर अडचण जिन्याची. इमारतीला लिफ्ट नाही आणि अठरा पायऱ्या चढाव्या लागतात. आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईसाठी ही गोष्ट लहान नाही, आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर असले तरी जिन्याच्या पलीकडे आहे. गरोदर बाईला मालीशच्या आधी आणि नंतर तिथे जावेच लागते. खोलीतल्या एसीचा झोत थेट टेबलाच्या मागच्या बाजूला येतो, म्हणजे कुशीवर झोपलेल्या बाईच्या तेल लावलेल्या उघड्या पाठीवर. मी दोनदा सांगितल्यावर पंख्यावर भागवले गेले. लोडावर सुती अभ्र्याच्या आत प्लास्टिकचे आवरण आहे; स्वच्छतेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पण गुडघ्याच्या मागे घाम येतो आणि पाय हलला की ते करकरते. त्यावर आणखी एक जाड पंचा घातला तर हा प्रश्न सुटेल.

शेवटी त्यांनी मला पाय खाली सोडून दोन मिनिटे बसवले, कोमट पाणी दिले आणि उभे राहिल्यावर भोवळ येत नाही ना हे पाहून मगच त्या खोलीबाहेर गेल्या. दुसऱ्या दिवशी खांद्यांत हलकीशी ठणक होती, ती संध्याकाळपर्यंत गेली. उसण पूर्ण गेली असे मी म्हणणार नाही; पण त्यानंतरचे सहा दिवस मी सकाळी कंबरेला हात न लावता उठले, आणि डाव्या हाताच्या त्या दोन बोटांना तीन पहाटे मुंग्या आल्या नाहीत. घरी झोपताना मी आता पंच्याची गुंडाळी कंबरेखाली घेते आणि खालचा खांदा पुढे ओढून घेते, त्याचाही यात वाटा असणार.

ही मालीश केवळ गरोदर स्त्रियांसाठी राखून ठेवावी असे मला आता वाटत नाही. पाठीला बाक आलेल्या वृद्ध स्त्रिया, उताणे झोपल्यावर ज्यांना धाप लागते अशी माणसे, पालथे झोपल्यावर छातीवर दाब सहन न होणाऱ्या स्त्रिया, माझ्यासारखी सर्दीची आणि कंबरेची खोड असलेली माणसे, यांना आपण उगाच पालथे झोपवतो आणि मग मान तिरकी करून श्वास घ्यायला लावतो. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझ्याकडे येणाऱ्या बहात्तर वर्षांच्या एका आजींना कुशीवर घेतले. नेहमी त्या वीस मिनिटांत "पुरे गं बाई" म्हणतात. त्या दिवशी पाऊण तास त्यांनी काही म्हटले नाही. माझ्या कामाच्या खोलीत आता दोन लांब लोड आणि एक पाचरीची उशी आली आहे, आणि उशा लावण्याचा वेळ मी मालीशच्या वेळेतून कापत नाही.

पैशांच्या हिशेबाने १,८०० रुपये मला जास्त वाटले नाहीत. त्यांतले निम्मे त्या नऊ मिनिटांसाठी दिले असे मी मानते. जाणाऱ्यांनी पोट हलके ठेवून, जेवणानंतर किमान दीड तासाने जावे, सुती सैल कपडे घालावेत, घरी कोणत्या कुशीवर आणि किती उशा घेऊन झोपता हे आदल्या रात्री नीट पाहून ठेवावे आणि गरोदर असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच वेळ ठरवावी. जिन्यासाठी कोणाला तरी बरोबर न्यावे.

मी पुढच्या महिन्यातली वेळ घेतली आहे. उजव्या कुशीपासून सुरुवात करायची आणि नव्वद मिनिटांचे पैसे घ्यायचे, असे ताईंना आधीच सांगून ठेवले आहे.